नव्या समाजाची आया

माझी आत्या सत्तावीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात आया होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती दुपारी घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजी म्हणाली, "सोड ती नोकरी. तुला किळस सहन होत नाही." त्यावर आत्या म्हणाली, "नाही होत, म्हणूनच मी पटकन धुऊन टाकते. ज्या बायकांना काही वाटत नाही, त्या ओलं दुपटं तासभर पोराखाली तसंच ठेवतात."

सत्तावीस वर्षांत तिची किळस गुंजभरही कमी झाली नाही. घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची, नखं उजेडाकडे धरून बघायची, बोटांचा वास घ्यायची आणि पुन्हा धुवायची. वॉर्डात तिला फडकंबाई म्हणत, कारण खांद्यावर फडकं नाही असं तिला कोणी पाहिलंच नव्हतं. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायची.

रिटायर झाल्यावर तिचे हाल झाले. त्याहून जास्त माझ्या आईचे. आईने घासलेली भांडी आत्या पुन्हा विसळायची, आणि तोंडाने एक शब्द काढायची नाही. आई म्हणायची, "बोलली असती तर भांडले तरी असते." असे चार महिने गेले आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंची मुलगी दारात उभी राहिली.

डॉक्टरीणबाई म्हणजे आत्याच्या वॉर्डाच्या जुन्या मुख्य. त्या राउंडला असत तेव्हा त्यांची ही मुलगी आत्याच्या कडेवर असायची. आता ती पंचविशीची झाली होती, लग्न झालं होतं, दहा महिन्यांची मुलगी होती.

"आत्या, आम्ही काही जण मिळून नवी सोसायटी करतोय," ती म्हणाली.

"किती मजली?" बाबांनी विचारलं.

ती हसली नाही. घरांची सोसायटी नव्हे, समाज, असं तिने समजावलं. गावाबाहेर बंद पडलेला कौलांचा कारखाना अकरा जोडप्यांनी घेतला होता. बावीस माणसं आणि चौदा मुलं. जुन्या समाजातलं काहीही न घेता, पाटी कोरी करून, सगळं पहिल्यापासून ठरवायचं. मालक नाही, नोकर नाही, माझं-तुझं नाही. मुलंसुद्धा सगळ्यांची. "आम्हाला मुलांमधलं कळणारं माणूस हवंय. कामाला नाही हं. तू आमच्यातलीच एक."

ती आत्याला 'तू' म्हणाली तेव्हा बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. आत्याला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नसावं. तिच्या डोक्यात चौदा हा आकडा बसला होता.

"रिटायर झालीस ना?" बाबा नंतर म्हणाले. "आता जरा बस की घरात."

"बसून बसून मूळव्याध होईल," आत्या म्हणाली, आणि पिशवी भरायला घेतली. पिशवीत दोन साड्यांच्या जागी आठ साबणाच्या वड्या गेल्या. आईने तिला थांबवायचा काडीचाही प्रयत्न केला नाही.

पुढचं सगळं मला आत्याने सांगितलेलं आहे; थोडं मी एकदा जाऊन पाहिलं तेही आहे.

कारखान्याच्या जुन्या ऑफिसात एका भिंतीवर पलंगाएवढा कागद लावला होता. त्यावर नवा समाज आखलेला होता: गोल, चौकोन, बाण. रोज संध्याकाळी तिथे सभा भरायची. सभेत एकेक रीत घ्यायची, ती कशाला हवी असं विचारायचं, आणि कोणाला उत्तर आलं नाही की ती खोडायची. कुलपं खोडली. जेवायच्या वेळा खोडल्या, ज्याला भूक लागेल त्याने खावं. वाढदिवस खोडले. लग्न हा विषय तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा पुढे ढकलला गेला. तो सगळ्यांच्याच अंगाशी येण्यासारखा होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रोफेसर होते. बाकीचे बरेचसे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी स्वतःच पहिल्या सभेत ठराव मांडला होता की कोणी कोणाला सर, मॅडम, अहो-जाहो करायचं नाही. सगळे 'तू'. पण जिभेची सवय जाईना. विद्यार्थी बोलायला उठले की "तू... सर..." असं अडखळायचे. आत्याने त्यांचं नाव तूसर ठेवलं. हे नाव तिने फक्त मला सांगितलं, पण ती त्यांच्याविषयी दुसऱ्या कुठल्याही नावाने कधी बोलली नाही.

तिलाही त्या माणसाला 'तू' म्हणता येत नव्हतं आणि 'तुम्ही' म्हणायची बंदी होती. मग तिने आपली वाट काढली. "जेवायला बसायचं का?" "हे बाजूला घेतलं जाईल का?" "आज सभा आहे म्हणे?" असं ती महिनोन्महिने बोलली, कोणालाच काही न म्हणता. तिकडे पंचविशीतली पोरं साठीच्या बाईला बिनधास्त "ए, इकडे ये गं" म्हणत होती. ठरावाचा बोजा कोणाच्या अंगावर पडला हे भिंतीवरच्या कागदात कुठे दिसत नव्हतं.

नात्यांचे शब्दही गेले. आई, बाबा, काका, मावशी, काही नाही. मोठं माणूस म्हणजे 'सोबती'. मुलांची नावंसुद्धा काढून घेतली होती. मोठी झाल्यावर त्यांनी आपली नावं स्वतः निवडावीत, तोवर नाव लादू नये. थोरल्या मुलांना आपली जुनी नावं पाठ होती, ती एकमेकांना चोरून त्याच नावांनी हाका मारत. धाकट्यांना हाक मारायला आत्याकडे काहीच नव्हतं, म्हणून तिने स्वतःच नावं पाडली: भोपळा, मुंगळा, ढब्बू, किडकी. डॉक्टरीणबाईंची नात सगळ्यांत लहान. ती रडायची कमी आणि टिवटिव जास्त करायची. ती टिटवी.

एकदा सात वर्षांची एक मुलगी पायरीवरून पडली आणि "आई गं!" म्हणून ओरडली. संध्याकाळच्या सभेत त्यावर दीड तास चर्चा झाली. 'आई गं' हा नात्याचा शब्द की दुखण्याचा? रेडिओवर बातम्या वाचायची नोकरी सोडून आलेली एक बाई होती, ती म्हणाली, दुखण्याचाच आहे, चालू द्या. दुसरा एक जण म्हणाला, शब्द राहिला की कल्पना राहते. शेवटी तूसरने ठरवलं की मुलांनी दुखल्यावर नुसतं ओरडावं. आत्या हे सांगताना हसायची नाही. "गुडघा फुटला होता तिचा. दीड तासात एकानेही विचारलं नाही की आता कसा आहे," एवढंच म्हणायची.

मुलांची राहायची सोय कौलं वाळवायच्या लांब शेडमध्ये केली होती. एका रांगेत चौदा खाटा. दारापाशी सिमेंटचा हौद. सुरुवातीला सहा जणांची पाळी लावलेली होती, आळीपाळीने. सात सुगरणी आणि भाजी अळणी असं झालं. पहिल्या पंधरवड्यात सगळे आले, मुलांशी खेळले, त्यांचे बोल वहीत लिहून घेतले. नंतर एकाची पाठ दुखायला लागली, एकाला विहिरीचं काम निघालं, एकीला जाणवलं की ओढ नसताना केलेलं काम हा एक प्रकारचा खोटेपणा आहे. मग ठराव झाला की ज्याची ज्याला ओढ असेल ते त्याने करावं. आत्याला ओढ आहे हे सगळ्यांना दिसतच होतं. मुलं सगळ्यांची होती. ढुंगणं तेवढी आत्याची.

ती तरीही मजेत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. तिची पत्रं यायची. किडकीला दाढ आली. भोपळा चालायला लागला. चौदा जणांना सकाळी धुऊन-पुसून उन्हात बसवलं की कसं दिसतं ते तिने एका पत्रात लिहिलं होतं, 'वाळत घातलेल्या मोज्यांसारखी दिसतात'.

मग किळसेवरची सभा झाली.

निमित्त साधं होतं. रेडिओवाली शेडमध्ये आली होती. त्याच वेळी मुंगळ्याने चड्डी भरली आणि ती नाक मुरडून "शी!" म्हणाली. बरोबर तूसर होता. त्याच संध्याकाळी त्याने विषय घेतला. तान्ह्या मुलाला कशाचीच घाण वाटत नाही. घाण वाटायला आपण शिकवतो. आधी वस्तूची घाण, मग माणसाची. जुन्या समाजातली सगळी वरची-खालची उतरंड या एका 'शी'वर उभी आहे. म्हणून नव्या समाजातल्या मुलांना किळस शिकवायचीच नाही. छी, शी, घाण, उष्टं हे शब्द बंद. मुलांना बळजबरीने हात धुवायला लावणं बंद. पाण्याचे, खाण्याचे, धुण्याचे वेगवेगळे हौद आणि वेगवेगळी भांडी ही त्याच वृत्तीची खूण, म्हणून तीही बंद.

सभेत आत्या सहसा बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"माणसाची घाण वाटून घेऊ नये हे बरोबर आहे," ती म्हणाली. "पण शी ही शीच असते. ती पोटात गेली की पोर मरतं. मी मेलेली पाहिली आहेत."

"ही भीती तुझी नाही," तूसर गोड आवाजात म्हणाला. "ती तुझ्यात भरलेली आहे. आम्ही तुझ्यावर रागावलेलो नाही."

वहीत लिहिलं गेलं: एका सोबतिणीने जुन्या व्यवस्थेची भीती मोकळेपणाने मांडली. सगळ्यांनी तिला समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हौदापाशी ठेवलेला साबण नाहीसा झाला. आत्याने आपल्या पिशवीतली वडी काढली आणि कमरेला खोचली. पुढे ती मुलांना दोघा-तिघांच्या टोळ्यांनी शेडच्या मागे नेऊन गुपचूप हात धुवायला लावायची. थोरली मुलं राखण करायची. कोणी येताना दिसलं की शिट्टी. साठ वर्षांच्या बाईने साबण चोरून वापरावा, हे ती सांगायची तेव्हा माझ्या तोंडाला कडू चव यायची. ती मात्र त्याबद्दल खूश होती.

मी गेले ते या ठरावानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी. मला आजही तिथली पहिली गोष्ट आठवते ती माश्या. शेडच्या दारात एका मोठ्या परातीत कोमट भात होता आणि भोवती मुलं बसून हात घालत होती. एकाच्या नाकातून ओघळ आलेला, तो ओठावरून घासासोबत आत जात होता. एक लहानगं परातीच्या कडेलाच ओलं करून बसलं होतं. आत्या फडकं घेऊन एकाला पुसेपर्यंत दुसरं भरायचं. हौदात मुलं वाट्या बुचकळत होती आणि त्याच हौदावर थोड्या वेळापूर्वी कोणाचं तरी ढुंगण धुतलेलं होतं. पायरीवर खूण होती.

तूसर माझ्याशी अर्धा तास बोलला. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मी मान्य करते. डोळे प्रेमळ होते. पण बोलताना त्याच्या दाढीत भाताचं एक शीत हलत होतं आणि मला दुसरं काही दिसेना. त्याने मला प्यायला पाणी दिलं. मी भांडं हातात धरून ठेवलं आणि संधी मिळताच झाडाला ओतलं. त्याची बायको शेजारी बसून कसली तरी बटणं लावत होती. तिने मला पाणी ओतताना पाहिलं आणि मान खाली घातली. 

"आत्या, चल घरी," मी निघताना म्हटलं. "हा वेड्यांचा बाजार आहे."

"चौदा आहेत," ती म्हणाली. "कोणाला सांगून येऊ?"

बारा दिवसांनी सकाळी ढब्बूला जुलाब सुरू झाले. नऊपर्यंत किडकी, अकरापर्यंत पाच जण, दुपारी एकपर्यंत नऊ. आत्याने शेडच्या मागे चूल पेटवून पाणी उकळलं, मीठ-साखर घातली आणि चमच्याचमच्याने पाजत राहिली. एकाला पाजेपर्यंत दुसऱ्याला उलटी. खाटांवरचे कपडे संपले, मग तिने आपल्या साड्या फाडल्या. वास इतका होता की दारात आलेलं माणूस दारातूनच परत जाई. येत होते सगळे. रेडिओवाली नाकाला रुमाल लावून उंबऱ्याशी रडत उभी राहिली. तिचा मुंगळा आत होता. पण आपल्याच मुलाकडे आधी जायचं नाही हा नियम होता, आणि बाकीच्यांकडे जाववत नव्हतं.

दोन वाजता आत्याने टिटवीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमटीसारखीच उभी राहिली. डोळे आत गेले होते. जीभ कोरडी पडली होती. टिवटिव सकाळपासून बंद होती.

ती धावत ऑफिसात गेली. "गाडी काढायची. पाच जणांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं."

गाडी होती. पण एखाद्या मुलाबद्दल एकट्याने निर्णय घ्यायचा नाही, मूल सगळ्यांचं आहे. सभा बोलवावी लागेल. माणसं विहिरीवर, शेतात पांगलेली. जमायला तास गेला. आत्या तोवर शेडमध्ये परत जाऊन पाजत बसली. सव्वातीनला सभा सुरू झाली. साडेतीन झाले, चार झाले, कोणी येईना. तिने थोरल्या मुलीला चमचा दिला, टिटवीला उचललं आणि सभेत गेली.

तिथे वाद चालला होता तो फॉर्मवर. हॉस्पिटलात नेणं योग्य की अयोग्य हे अर्ध्या तासात मिटलं होतं. नेऊ या म्हणाले होते. पण तिथे फॉर्म भरावा लागतो आणि फॉर्मवर आईचं नाव, वडिलांचं नाव असे रकाने असतात. तिथे काय लिहायचं? एक जण म्हणत होता, रकाना रिकामा सोडू. दुसरा म्हणत होता, बावीस नावं लिहू. तिसऱ्याचं म्हणणं होतं की आपण इथे वाकलो तर गेलं सगळं वर्ष पाण्यात.

आत्या मधोमध जाऊन उभी राहिली. टिटवीला गुंडाळलेल्या साडीच्या तुकड्यातून हिरवट पाणी गळत होतं. ते जमिनीवर ठिबकत होतं आणि जवळ बसलेल्यांनी पाय आखडून घेतले.

"ही कोणाची?" आत्याने विचारलं.

सगळ्यांनी तूसरकडे पाहिलं.

"सगळ्यांची," तो म्हणाला.

"मग घ्या सगळ्यांनी."

तिने पोर पुढे केलं.  समोरच्याने मान वळवली. शेजारच्याने तोंडावर हात धरला. किळस न शिकवलेल्या समाजात बावीस माणसं बसली होती आणि बावीस जणांच्या चेहऱ्यावर तीच एक गोष्ट होती. डॉक्टरीणबाईंची मुलगी अर्धी उठली. आत्याने तिच्याकडे पाहिलं. ती तूसरकडे बघत होती. मग ती परत बसली.

कोपऱ्यातून तूसरची बायको उठली. तिचा स्वतःचा मुलगा थोरल्यांपैकी, धडधाकट, त्याला काहीही झालेलं नव्हतं. तिने हातातलं शिवण खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे, आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्ही बाकीच्यांना घेऊन या. गाडीची किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे."

वर्षभरात आत्याला कोणी 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं.

"तू सभेच्या मध्ये..." तूसरने सुरुवात केली.

"सरका," ती नवऱ्याला म्हणाली, "पाय पडेल."

गाडी तिनेच चालवली. पाच मुलं आणि आत्या मागे. बाकीच्या चार जणांना रेडिओवाली आणि तिचा नवरा तासाभराने दुसऱ्या कोणाची तरी गाडी थांबवून घेऊन आले. तोवर तिने रुमाल फेकून दिला होता. हॉस्पिटलात वॉर्ड आत्याचाच होता. टेबलावरच्या सिस्टरने फॉर्म पुढे ओढून "आईचं नाव?" विचारलं आणि आत्याने पाचही नावं धडाधड सांगितली. मग मुलांची खरी नावंही सांगितली. तिला ती पहिल्या आठवड्यापासून माहीत होती, थोरल्यांकडून.

मुलं वाचली. सगळी. टिटवीला नऊ दिवस ठेवावं लागलं आणि त्यातले पहिले तीन दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

चौथ्या दिवशी तूसर वॉर्डात आला. मी तेव्हा तिथे होते. त्याने आत्याचे सगळ्यांच्या वतीने आभार मानले. प्रयोगात चुका होतातच आणि चुकांमधूनच समाज शिकतो असं म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला की बाहेर याची फार चर्चा होऊ नये, कारण लोक एवढ्यावरून सगळ्या कल्पनेलाच नावं ठेवतील. आणि हे सांगता सांगता टिटवीच्या गालाला हात लावायला वाकला.

"आधी हात धुऊन ये," आत्या म्हणाली.

तो चपापला. मला वाटतं त्याला शब्दांपेक्षा 'ये' जास्त लागलं. तो बेसिनकडे गेला. परत आला तेव्हा आत्याने त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले, शाळेतल्या पोराचे बघावेत तसे, आणि म्हणाली, "नखं राहिली." तो दुसऱ्यांदा गेला तो परत आलाच नाही.

त्यानंतर आत्याच पडली. तेच दुखणं, दहा दिवस. घरी आणलं. तिला उठवत नव्हतं, म्हणून तिचं सगळं मी केलं. तिला त्याची इतकी लाज वाटायची की मी आत गेले की ती डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची. मला मळमळायचं. मी तोंडाने श्वास घ्यायचे आणि भराभर आवरायचे. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "चादरीचा कोपरा राहिलाय, ओला आहे." राहिलाच होता.

बरी झाल्यावर मी तिला विचारलं, "तुला दिला असता तो कोरा कागद, तर तू कसा काढला असतास समाज?" तिला इतका राग आला की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "तुम्हा शिकलेल्या लोकांना कागदाशिवाय काही सुचत नाही का गं?"

कारखाना आणखी दीड वर्ष चालला. साबण परत आला, मुलं आपापल्या आईबापांच्या खोलीत गेली, कुलपं लागली. तूसरची बायको मुलाला घेऊन भावाकडे गेली आणि तिथे शिवणकाम करून राहिली. ती अधूनमधून आत्याला भेटायला यायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. तूसरने त्या वर्षांवर पुस्तक लिहिलं असं कळलं. त्यात दुखण्याचं एक प्रकरण आहे म्हणे. आम्ही वाचलं नाही.

डॉक्टरीणबाईंची मुलगी एकदाच आली, बऱ्याच उशिरा. टिटवी तेव्हा चार वर्षांची झाली होती, पायात बूट, केसांना पिना, स्वच्छ. मी आत जाऊन आत्याला सांगितलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती. "पोरीला आत पाठव," म्हणाली. टिटवी आत गेली, अर्धा तास आत होती, दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. तिची आई बाहेर माझ्यासमोर बसून राहिली. चहा निवला. मग ती एकदम रडायला लागली.

"मी उठले होते," ती म्हणाली. "त्यांना सांगशील? मी उठले होते. अर्धी उठले होते."

त्या दोघी गेल्यावर मी आत गेले आणि तसंच्या तसं सांगितलं. लहानपणी ही मुलगी आत्याच्या कडेवर असायची, हे माझ्या डोक्यात होतं. मला वाटलं होतं, विरघळेल.

"पाहिलं होतं मी," आत्या म्हणाली. चेहरा तसाच, वॉर्डातून पहिल्या दिवशी घरी आली असेल तेव्हा असावा तसा. मग तिने टॉवेलची घडी मोडली, झटकली आणि पुन्हा घालायला घेतली.

ती त्यानंतर सहा वर्षं होती. टिटवी दर सुट्टीत यायची. तिला आणून सोडायचे ते तिचे वडील.